रेवदंड्याचे किल्लीदार

अलिबागेहून दक्षिणेच्या रस्त्याला लागले, की आक्षी, नागाव, चौल अशी नारळी-पोफळींच्या सावलीतली गावे एकाला एक लागून येतात आणि सतराएक किलोमीटरांवर रस्ता एका जुन्या काळ्या तटातून आत शिरतो. हे रेवदंडा. तट पोर्तुगिजांचा, सोळाव्या शतकातला. १७४० साली तो मराठ्यांच्या हाती आला. आत पडक्या चर्चच्या भिंती आहेत, सातखणी नावाचा उंच मनोरा आहे, आणि कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लईचा किल्ला दिसतो. मुंबईकर पाहुणा हे सारे दोन तासांत पाहतो, शहाळे पितो आणि परतीची गाडी धरतो. ते शहाळे ज्या मातीत वाढले तिच्याकडे मात्र तो ढुंकूनही पाहत नाही. त्यात त्याचा दोष तरी काय म्हणा! पाहण्यासारखे तिथे वरवर काहीच नाही. समुद्रकाठची पुळण ती. पायाला लागते, चपलेत शिरते, झटकून टाकायची.

पण किल्ल्याला जसा किल्लेदार असतो तसे ह्या मातीला किल्लीदार आहेत, आणि त्यांची हकीगत किल्ल्याच्या हकीगतीपेक्षा कमी रंजक नाही.

पिकाला मुख्यत्वे तीन अन्नद्रव्ये लागतात, नत्र, स्फुरद आणि पालाश, हे खताच्या पोत्यावरून आता शहरातल्या मुलांनाही ठाऊक झाले आहे. ह्यांपैकी नत्राची ददात नाही. आपण ज्या हवेत श्वास घेतो तिचा पाऊण भाग नत्रच आहे. ह्याच अलिबाग तालुक्यात थळ येथे १९८०च्या दशकात उभा राहिलेला मोठा कारखाना हवेतला हा नत्र पकडून त्याचा युरिया करतो. स्फुरदाचे तसे नाही. तो हवेत नाही. तो दगडात असतो, मातीत असतो आणि जिवंत देहांत असतो. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ७०० ग्रॅम स्फुरद असतो, त्यातला बहुतेक हाडांत आणि दातांत. पण उरलेल्या थोड्याशाचे काम फार मोठे आहे. पेशीतली शक्तीची देवघेव त्याच्याच हातून होते आणि आईबापांचे गुण मुलांत उतरवणारा जो धागा, त्याच्या कण्यातही तोच आहे. स्फुरद नाही तर जीव नाही, इतकी ही सरळ गोष्ट आहे.

माणसाच्या हाती तो प्रथम लागला १६६९ साली, जर्मनीतल्या हँबुर्ग शहरी. हेनिग ब्रांट नावाचा किमयागार सोने करण्याच्या नादात मानवी मूत्र आटवीत बसला होता. सोने काही मिळाले नाही. अंधारात आपोआप चमकणारा एक मेणासारखा पदार्थ मात्र भांड्याच्या तळाशी राहिला. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर काही रात्री लाटा निळसर उजेडाने फुटतात, त्यालाही लोक स्फुरदाचाच खेळ समजतात. तो समज चुकीचा आहे. तो उजेड पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचा. त्याचा ब्रांटच्या शोधाशी काही संबंध नाही.

आता कोडे असे. एका हेक्टरच्या वरच्या वीतभर मातीत शेकडो किलो स्फुरद असतो. कित्येक जमिनींत हजार किलोंच्याही वर. भाताच्या एका चांगल्या पिकाला त्यातला दहापंधरा किलो पुरतो. म्हणजे हिशेबाने पाहता कित्येक वर्षांची बेगमी घरातच आहे. तरीही पीक उपाशी राहते, पाने गर्द हिरवी-जांभळट होतात, मुळे खुरटतात, फुटवे फुटत नाहीत. कारण पिकाला दगड खाता येत नाही. पाण्यात विरघळलेला स्फुरद तेवढा पिता येतो, आणि मातीच्या ओलाव्यात कोणत्याही एका क्षणी असा विरघळलेला स्फुरद हेक्टरमागे एक किलोही नसतो. बाकीचा सारा कुलपात.

ही कुलपे कोणकोणती आहेत हे पाहायला रेवदंड्याइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. समुद्राकडे पाठ करून चौलच्या डोंगराकडे तासभर पायी चालले, की तिन्ही कुलपे वाटेत भेटतात.

पहिले वाडीत. पुळणीत शंखशिंपल्यांचा चुरा मिसळलेला असतो. शिंपला म्हणजे चुना. एक तर वाळूत स्फुरद मुळातच बेताचा. त्यातला बराचसा चुन्याशी जखडून बसतो. हाडात स्फुरद ज्या रूपात असतो साधारण त्याच जातीचे हे रूप, आणि हाड पाण्यात विरघळत नाही हे कोणाला सांगायला नको.

दुसरे कुलूप डोंगरउताराला. तिथली तांबूस, मुरमाड वरकस जमीन म्हणजे काळा पाषाण वर्षानुवर्षे कुजून झालेली. ह्या पट्ट्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. एवढ्या पाण्याने विरघळणारे सगळे वाहून जाते. मागे राहतात लोह आणि ॲल्युमिनियम. मातीचा तांबडा रंग हा लोखंडाचा गंज आहे. ह्या गंजाला स्फुरदाची इतकी ओढ, की वरून घातलेला स्फुरद तो काही दिवसांत गिळून टाकतो.

तिसरे कुलूप सगळीकडेच आहे: पालापाचोळा, शेण, मेलेली मुळे, किडे ह्यांच्या कुजक्या अवशेषांत अडकलेला स्फुरद. बियांत झाड जो साठा करते तोही असाच बांधलेला असतो. पुष्कळ जमिनींत एकूण स्फुरदाचा निम्मा भाग ह्या सेंद्रिय कुलपात सापडतो.

मग वरून खत घालावे, हा सरळ उपाय. १८४२ साली इंग्लंडात जॉन लॉज ह्याने हाडे व स्फुरदाचा दगड गंधकाच्या तेजाबात भिजवून विरघळणारे खत करण्याचे पेटंट घेतले; आपले सुपर फॉस्फेट ते हेच. त्याने जगाची शेती बदलली हे खरे. पण त्या पोत्यातला दहावा हिस्सा, फार तर चौथा हिस्सा पहिल्या वर्षी पिकाच्या तोंडी लागतो. उरलेला वर सांगितलेल्या कुलपांत जाऊन बसतो. पुढच्या काही वर्षांत त्यातला थोडाथोडा सुटतो, परंतु शेतकऱ्याने पैसे मोजले त्या वर्षी तो त्याच्या उपयोगी पडत नाही.

त्यातून स्फुरद हा अत्यंत आळशी गृहस्थ आहे. नत्र पाण्याबरोबर धावतो, म्हणून तो मुळापर्यंत आपण होऊन पोहोचतो (आणि पावसाळ्यात कोकणात वाहूनही जातो). स्फुरद दिवसाकाठी मिलिमीटरभरसुद्धा सरकत नाही. मूळ आपल्या भोवतीचा एकदोन मिलिमीटरांचा घास संपवते आणि मग रिकाम्या ताटापुढे बसल्यासारखे बसते. त्याला दोनच मार्ग: आपण पुढे वाढायचे, नाही तर कोणाला तरी मदतीला बोलवायचे. झाडे दोन्ही करतात.

मदतीला येणारे म्हणजे जंतू. जंतू म्हटले की आपल्या घरांत फिनेलची बाटली निघते, पण मातीतल्या जंतूंची जात निराळी. चिमूटभर चांगल्या मातीत त्यांची संख्या कोटींत मोजावी लागते, आणि मुळाला लागून असलेल्या मातीच्या पातळ थरात ती बाहेरच्या मातीच्या दसपट ते शंभरपट असते. लोरेंझ हिल्टनर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली ह्या थराला स्वतंत्र नाव दिले. आपण त्याला मुळाचे अंगण म्हणू. ह्या अंगणात एवढी गर्दी का? तर तिथे पंगत आहे. झाड पानांत उन्हाने शिजवलेल्या अन्नाचा मोठा वाटा, साखरा, आम्ले, चिकट रस, मुळांवाटे मातीत सोडत असते. पूर्वी लोकांना वाटे की ही नुसती गळती आहे. आता त्याला मजुरी म्हणावे असे वाटू लागले आहे.

त्या मजुरीवर जंतू काय काम करतात? आपल्या घरात रोज घडणारी गोष्ट आठवा. दुधात विरजण घातले की त्यातले जंतू दुधातली साखर खातात आणि आंबट रस टाकतात. म्हणून दही आंबट. मुळाच्या अंगणातले कित्येक जंतू हेच करतात. साखर खाऊन ते निरनिराळी आम्ले बाहेर टाकतात, त्यांत ग्लुकोनिक आम्ल मुख्य. पानाच्या डब्यातल्या चुन्यावर लिंबू पिळून पाहा, चुना विरघळतो. तसेच चुन्याशी जखडलेला स्फुरद ह्या आम्लाने सुटतो. लोखंडाच्या कुलपाला काही आम्ले दुसऱ्या रीतीने उघडतात. ती लोखंडालाच घट्ट मिठी मारतात, म्हणजे स्फुरद मोकळा होतो. सेंद्रिय कुलपासाठी जंतूंजवळ, आणि खुद्द मुळांजवळही, खास पाचक रस असतात. कात्रीने दोरा कापावा तसा ते स्फुरद कापून वेगळा करतात.

इथे एक गैरसमज टाळला पाहिजे. हे जंतू परोपकारी संत नव्हेत. सोडवलेला स्फुरद ते आधी आपल्याच देहात भरतात. पुष्कळदा तर झाडाच्या तोंडचाच घास पळवतात. पण जंतूचे आयुष्य ते किती! तो मरतो, किंवा त्याला अमीबासारखे त्याहून मोठे, पण तरीही डोळ्यांना न दिसणारे जीव खाऊन टाकतात, आणि त्या खाण्यातला नको असलेला स्फुरद मातीच्या पाण्यात परत पडतो. तो झाड उचलते. म्हणजे जंतूंना खाणारे हे जीवही ह्या व्यवहारात भागीदार ठरतात.

जंतूंच्या जोडीला एक बुरशी आहे, आणि तिला विसरून वाड्यांची गोष्ट सांगताच येणार नाही. नारळाचे मूळ कधी नीट पाहिले आहे का? जाड, दोरखंडासारखे, आणि इतर झाडांच्या मुळांवर जी बारीक लव असते ती त्यावर मुळीच नाही. आता ज्या अन्नाला आपल्या पायांनी चालत येता येत नाही ते अशा मुळाने गोळा करायचे तरी कसे? नारळीपोफळींच्या मुळांत एक बुरशी वस्ती करते. तिचे तंतू केसाहून कितीतरी बारीक, पण मुळाच्या अंगणापलीकडे काही सेंटिमीटर पसरतात, तिथला स्फुरद उचलून आणतात, आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. मूळ आणि बुरशी ह्यांच्या अशा संसाराला फ्रांक ह्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ साली प्रथम नाव दिले. झाडांवरचे त्याचे काम जंगलातले होते. पुढे कळले की जगातल्या बहुतेक पिकांच्या मुळांत ह्या ना त्या जातीची बुरशी आहेच. वाडीत कुदळ फार चालवली, की हे तंतू तुटतात.

वाडी आणि वरकस ह्यांच्या मधे भाताची खाचरे आहेत. तिथला प्रकार निराळाच. आषाढात खाचरे पाण्याने भरली, की मातीतली हवा संपते. हवेवाचून गुदमरलेले काही जंतू तेव्हा चक्क लोखंडाच्या गंजावर श्वास घेतात. हे वाक्य अलंकारिक नाही. आपण प्राणवायूचे जे करतो ते ते गंजाचे करतात. त्यामुळे गंजाचे रूप पालटते, तो पाण्यात विरघळू लागतो, आणि त्याने धरून ठेवलेला स्फुरद सुटतो. म्हणून चिखलणी केलेल्या भाताला स्फुरदाची चणचण त्याच जमिनीत कोरड्याने घेतलेल्या पिकापेक्षा कमी भासते. दसरा-दिवाळीला पाणी आटले, माती भेगाळली, हवा आत शिरली, की गंज पुन्हा तयार होतो आणि कुलूप पुन्हा बंद.

भाताचाच विषय निघाला आहे तर राबाची गोष्ट सांगायला हवी, कारण ह्या जिल्ह्यात माती, आग आणि सरकार ह्यांची गाठ त्याच ठिकाणी पडली होती. भाताची रोपे ज्या तुकड्यात करायची तिथे उन्हाळ्यात वाळके शेण, त्यावर झाडांचे तोडलेले कवळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, वर बारीक मातीचा थर, असे रचून ते हळूहळू धुमसत जाळायचे, ह्याला राब भाजणे म्हणतात. कवळ येणार वरकस जमिनीतून आणि जंगलातून. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर झाडे तोडण्यावर निर्बंध वाढले आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत (कुलाब्याचे नाव १९८१ पासून रायगड झाले) त्यावरून फार मोठी ओरड झाली. सरकारला चौकशी मंडळ नेमावे लागले; त्याने १८८७ मध्ये अहवाल दिला. जंगलखात्याच्या अंमलदारांच्या लेखी राब म्हणजे अडाणी कुणब्याची उधळपट्टी होती. कुणबी म्हणत होता, राब नाही तर रोप नाही. विलायतेहून हिंदी शेतीची पाहणी करायला आलेले डॉ. व्होल्कर ह्यांनीही १८९३ च्या आपल्या अहवालात राबाची दखल घेतली, आणि हिंदी शेतकऱ्याला अडाणी समजण्याची त्यांची वृत्ती नव्हती.

पुढे हा प्रश्न पुण्याच्या शेतकी कॉलेजात गेला. तिथले प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन, पिंपळे सौदागर गावाची पाहणी करून १९१७ साली ज्यांनी दख्खनच्या खेड्यातल्या जमिनीवरचे प्रसिद्ध पुस्तक लिहिले, तेच हे. त्यांनी आणि त्यांचे सहकारी ना. वि. जोशी व ना. वि. कानिटकर ह्यांनी पश्चिम हिंदुस्थानातल्या राब-पद्धतीवर १९१२ साली एक सविस्तर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. शेतकऱ्याचा शब्द खरा की खोटा हे भांडून ठरवण्याऐवजी माती भाजून, तिच्यात काय बदलते ते मोजून ठरवायचे, ही त्यांची रीत. जोशी पुढे बिहारमधल्या पुसा येथील शेतकी संशोधनसंस्थेत जंतुशास्त्राच्या कामात रमले. कानिटकरांचे नाव सोलापूरकडच्या कोरडवाहू शेतीच्या संशोधनाशी कायमचे जोडले गेले. आपल्याकडे शास्त्रज्ञांची चरित्रे फारशी लिहिली जात नाहीत, नाही तर ह्या दोघांवर एकेक चांगले पुस्तक व्हायला हरकत नव्हती.

भाजलेल्या मातीत काय होते हे आज बऱ्यापैकी समजले आहे. आचेने वरच्या बोटदोन बोटे मातीतले असंख्य जंतू मरतात आणि त्यांच्या देहांतला नत्र-स्फुरद मातीत सांडतो. पाल्यातला सेंद्रिय स्फुरद जळून मोकळ्या रूपात राखेत येतो. राख मातीचा आंबटपणा कमी करते. तणाचे बी भाजून निघते. आणि पहिला पाऊस पडताच वाचलेले जंतू ह्या आयत्या पंगतीवर तुटून पडतात, भराभर वाढतात, भराभर मरतात. त्या धामधुमीत रोपाला पोटभर मिळते. इंग्लंडात रॉथॅमस्टेडच्या संस्थेत रसेल आणि हचिन्सन ह्यांनी १९०९ साली तापवलेल्या मातीवर असेच प्रयोग केले होते. माती तापवल्यावर पीक जोमदार का येते हा त्यांचाही प्रश्न होता. कुलाब्याच्या कुणब्याला ते उत्तर पुस्तकातून मिळालेले नव्हते, पण परिणाम त्याच्या रोपात दिसत होता. ह्याचा अर्थ राब निर्दोष होता असा मात्र नाही. वीस गुंठ्यांच्या रोपांसाठी डोंगर बोडका करायचा हा सौदा महागाचाच होता, आणि आगीत नत्राचा बराच भाग धुरावाटे उडून जातो. आज गादीवाफ्यावर शेणखत घालून रोपे करण्याची शिफारस होते ती योग्यच आहे.

आता बाटलीतल्या आणि पाकिटातल्या जंतूंकडे वळू, कारण आपल्यापैकी ज्यांची गावाकडे थोडी जमीन आहे त्यांना कृषि सेवा केंद्रात ती पाकिटे हमखास दाखवली जातात. कल्पना अशी, की जे जंतू कुलूप चांगले उघडतात ते निवडायचे, वाढवायचे आणि बियाण्याला चोळून शेतात सोडायचे. रशियात १९३०च्या दशकापासून ह्यावर काम झाले आणि ‘फॉस्फोबॅक्टेरिन’ नावाचे जंतुखत पुढे लक्षावधी हेक्टरांवर वापरले गेले. १९४८ साली पिकोव्स्काया ह्या रशियन संशोधिकेने असे जंतू ओळखण्याची एक सोपी युक्ती प्रसिद्ध केली. काचेच्या थाळीत न विरघळणाऱ्या स्फुरदाची दुधी खळ थिजवायची आणि तिच्यावर मातीचे पाणी शिंपडायचे. ज्या जंतूची वसाहत स्फुरद विरघळवते तिच्याभोवती स्वच्छ, पारदर्शक कडे उमटते. चंद्राला खळे पडावे तसे. अजूनही आपल्या शेतकी विद्यापीठांतली मुले ह्याच थाळीवर हात बसवतात. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत सुंदर राव आणि सिन्हा ह्यांनी १९६३ मध्ये माती व मुळांभोवतीच्या अशा जंतूंवर निबंध लिहिला, आणि तेव्हापासून आपल्याकडेही हे काम अखंड चालू आहे. आज २५० ग्रॅमचे पाकीट दहा किलो बियाण्याला, ही शिफारस गावोगाव पोहोचली आहे.

पण थाळीत जे घडते ते शेतात घडेलच असे नाही. फॉस्फोबॅक्टेरिनचा बोलबाला ऐकून अमेरिकन शेतीखात्याच्या शास्त्रज्ञांनी त्याची कसून परीक्षा केली, आणि १९६२ मध्ये निकाल दिला तो निराशेचा होता. कारणे समजण्यासारखी आहेत. थाळीत जंतूला आयती साखर मिळते आणि प्रतिस्पर्धी कोणी नसतो. शेतात स्थानिक जंतूंची कोट्यवधींची फौज आधीच ठाण मांडून असते, परक्या पाहुण्याला ती पानावर बसू देत नाही. चुनखडीच्या जमिनीत आम्लाचा जोर जंतूच्या भोवतीच मारला जातो. तांबड्या जमिनीत एकाने कुलूप उघडले तर बाहेर पडलेला स्फुरद शेजारचा गंज लगेच गिळतो. काही शेतांत ह्या जंतुखताने उत्पन्न वाढते हेही खरे. मात्र त्यातला काही भाग स्फुरदाचा नसून, हे जंतू मुळे वाढवणारी द्रव्ये सोडतात त्याचा असतो. माझे मत विचाराल तर पाकीट स्वस्त आहे, अपाय काही नाही, जरूर वापरावे; उन्हात ठेवू नये आणि रासायनिक खतात कालवू नये एवढी काळजी घ्यावी. पण ज्या मातीत जंतूंना खायलाच नाही तिथे पाकिटातले पाहुणे काय खाऊन काम करणार? पाला, शेणखत, कंपोस्ट ह्यांच्यावाचून हा संसार चालत नाही.

आणि इथे रेवदंड्याच्या जुन्या वाडीवाल्याचे कौतुक करावेसे वाटते. त्याने झावळ्या, पोफळीची विरी, केळीचे सोप, गोठ्यातले शेण वाडीबाहेर जाऊ दिले नाही. नारळाच्या आळ्यात त्याने मासळीचे खत घातले: विकली न गेलेली सुकी मासळी, डोकी, काटे. माशाचा काटा म्हणजे चुना आणि स्फुरदच. जरा विचार केला तर ही फार मोठी गोष्ट आहे. पावसाबरोबर डोंगरातला स्फुरद कुंडलिकेत उतरतो, कुंडलिकेतून समुद्रात. समुद्रतळाचा तो स्फुरद पुन्हा जमिनीवर यायचा म्हणजे तळाचा डोंगर व्हावा लागतो. त्याला कोट्यवधी वर्षे लागतात. थेरोंड्याच्या कोळ्याने जाळे टाकले, त्याच्या घरच्या बाईने मासळी वाळवली आणि उरलेली टोपली वाडीत गेली, की तोच प्रवास हंगामाभरात पुरा होतो. मग वाळूतले जंतू आणि बुरशी त्या काट्यांवर आपले काम सुरू करतात.

आज ह्या साखळीच्या कड्या निखळत आहेत. रहाट गेले, विजेचे पंप आले, ते ठीकच झाले. पण गुरे कमी झाली, पाला गोळा करून कुजवायला माणसे मिळत नाहीत, तो झाडून पेटवून देणे सोपे वाटते. मुंबईहून येणे सुकर झाल्यापासून वाड्यांच्या जागी बंगले आणि उतरायची ठिकाणे होत आहेत. झाडे उरतात ती शोभेला, बुंध्याशी फरशी घातलेली. फरशीखाली मुळाला अंगण कोठले?

आणि दुसऱ्या टोकाला आपण आहोत. रेवदंड्याचा नारळ, अलिबागचा कांदा, पंजाबचा गहू मुंबईत खाल्ला जातो. त्यांतला स्फुरद आपल्या देहांतून गटारांत आणि वरळी-वांद्र्याच्या लांब नळांतून त्याचा मोठा भाग समुद्रात जातो. ब्रांटने ज्यातून स्फुरद काढला तेच आपण रोज पाण्याबरोबर सोडून देतो. ती तूट भरून काढायला बाहेरून दगड आणावा लागतो. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटड्याला १९६८ साली स्फुरदाचा खडक सापडला, पण देशाची भूक त्याने भागत नाही. लागणाऱ्या खडकाचा बहुतेक भाग, आणि तयार डीएपीचाही मोठा वाटा, परदेशांतून येतो. जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक एकट्या मोरोक्कोच्या ताब्यात आहेत. २००८ साली ह्या दगडाचे भाव काही महिन्यांत अनेक पटींनी चढले होते. खनिज तेलाचे भाव चढले की वर्तमानपत्रांत मथळे येतात. त्या वर्षी दगडाच्या भावाचे मथळे किती घरांत वाचले गेले असतील?

ह्या दिवाळीनंतर अलिबागकडे जाणे झाले तर भात कापलेल्या खाचरांत दोन पिके दिसतील. एक पांढरा कांदा, ज्याला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कांद्याची मुळे आखूड, विरळ, लव जवळजवळ नसलेली. त्याच्यासारखे बुरशीवर अवलंबून असलेले पीक थोडे. आणि बिचाऱ्याला जमीन मिळते ती चार महिने पाण्यात बुडालेली, जिथे बुरशी रोडावलेली आणि कुलपे नुकतीच पुन्हा बंद होऊ लागलेली असतात. जाणता शेतकरी कांद्याला कुजलेले शेणखत भरपूर देतो ते उगाच नाही. दुसरे पीक वाल. वाल कांद्यापेक्षा हिकमती. त्याच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र धरणारे जंतू असतात आणि ते काम चालू असता मूळ भोवतालची माती आंबट करीत जाते; चुन्याचे कुलूप त्याने सैल पडते.

पोपटी लावायला कोणी बोलावले, तर मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरल्या जात असताना बांधावरचे वालाचे एक रोप हलकेच मुळासकट उपटावे आणि झटकावे. बरीच माती खाली पडेल. थोडी, मुळाला चिकटलेली, कितीही झटकली तरी पडणार नाही. प्रयोगशाळेत जंतू मोजायला नेतात ती हीच माती. ब्रशाने ती अलगद सोडवतात, पाण्यात ढवळतात आणि त्या दुधी थाळीवर तिचा एक थेंब टाकतात. तीनचार दिवसांत खळी दिसू लागतात.